पाच जिन्नसांचं पेय आणि त्याचा हिशोब लिहून ठेवणारा डॉक्टर : जॉन फ्रायरची गोष्ट

कॉन्यॅक, ग्रेपफ्रूटचा रस, थोडी साखर, बर्फ आणि वरून काहीतरी सुगंधी. घरच्या घरी कॉकटेल करायला शिकवणारे जे रील्स सध्या फिरतात, त्यातलं हे एक नेहमीचं समीकरण. नावं बदलतात, ग्लास बदलतात, पण हिशोब तोच राहतो. एक कडक, एक आंबट, एक गोड, एक पातळ करणारं आणि एक वास देणारं. मोजून बघा, पाच होतात.

हे पाचाचं गणित पॅरिस किंवा न्यूयॉर्कच्या बारमध्ये जन्माला आलं असं वाटत असेल, तर थोडं थांबा. त्याच्या जुन्या लेखी नोंदी शोधत मागे गेलं, की आपण पोहोचतो सुरत, मुंबई आणि गोव्याच्या किनाऱ्यावर. काळ शिवाजी महाराजांचा. तिथे भेटतो एक इंग्रज डॉक्टर, नाव जॉन फ्रायर.

शिवकाळाचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. त्या काळातली मुंबई कशी होती, जुन्नर कसं होतं, कारवार-गोव्यात काय चाललं होतं, हे सांगताना इतिहासकार फ्रायरचा आधार घेतात. पण याच माणसाने पंच नावाच्या पेयाचं नाव आपल्याकडच्या ‘पाच’ या आकड्यावरून आलंय, हेही लिहून ठेवलंय. आणि गंमत म्हणजे हे त्याने कौतुकाने लिहिलेलं नाही. ते लिहिलंय एका डॉक्टरने, ज्याच्या डोळ्यांसमोर त्याच्याच देशातली तरणीताठी पोरं मरत होती.

केंब्रिजमधून थेट जहाजावर

फ्रायरचा जन्म साधारण १६५० चा, म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा तो वीसेक वर्षांनी लहान. केंब्रिजमध्ये शिकून १६७१ मध्ये त्याने वैद्यकाची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीत सर्जन म्हणून त्याला नोकरी लागली.

डिसेंबर १६७२ मध्ये इंग्लंडहून दहा जहाजांचा ताफा निघाला, त्यात फ्रायर होता. इंग्रज आणि डच यांचं युद्ध सुरू होतं, त्यामुळे जहाजं एकेकटी न जाता जथ्याने निघायची. आफ्रिकेला वळसा घालून ताफा १६७३ च्या जूनमध्ये पूर्व किनाऱ्यावर पोहोचला. मद्रास, मच्छलीपट्टण बघून, श्रीलंकेला वळसा घालून, मलबार आणि कोकणाचा किनारा पकडून फ्रायर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत उतरला. घर सोडून एक वर्ष झालं होतं.

तेव्हाची मुंबई म्हणजे सात बेटं, मधे खाजणं, माडांच्या वाड्या, कोळीवाडे आणि एक किल्ला. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात हे बेट इंग्लंडच्या राजाकडे आलं आणि १६६८ मध्ये राजाने ते कंपनीच्या ताब्यात दिलं. गव्हर्नर होता जेराल्ड ऑन्जियर. या बेटाचं मोठं शहर करायचं, हे ऑन्जियरच्या डोक्यात पक्कं होतं. अडचण एकच होती. इथे येणारे इंग्रज जगतच नव्हते.

पाचशेपैकी शंभरही उरत नव्हते

दोन पावसाळे काढले की इंग्रजाचं आयुष्य संपलं, अशी मुंबईबद्दल त्या काळात समजूत होती. फ्रायरचा अंदाजही फार वेगळा नाही. आलेल्या पाचशेंपैकी शंभरही तगत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय.

का मरत होते? डॉक्टर म्हणून फ्रायरने कारणं शोधली. दमट हवा आणि खराब पाणी ही त्यातली नेहमीची कारणं. माडांच्या मुळाशी सडक्या मासळीचं खत घालायची पद्धत होती, त्या दुर्गंधीलाही त्याने दोष दिला. वाईट वासाने रोग होतात, असंच तेव्हाचं वैद्यक मानत होतं. मलेरियाचा संबंध डासाशी आहे, हे रोनाल्ड रॉसने सिद्ध करायला १८९७ साल उजाडावं लागलं. त्यामुळे कारणांच्या या यादीत फ्रायर काही ठिकाणी चुकला, यात नवल नाही.

पण एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही. हीच हवा, हेच पाणी, हाच वास असताना इथले स्थानिक लोक आणि इथेच मुरलेले पोर्तुगीज मात्र चांगले म्हातारे होईपर्यंत जगत होते. मग फरक कशात होता?

फ्रायरने याचं श्रेय त्यांच्या संयमाला दिलं. ही माणसं इंग्रजांसारखी कडक दारू ढोसत नाहीत आणि मांसावर तुटून पडत नाहीत, असं त्याचं निरीक्षण. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने दोन गटांची तुलना केली. हवापाणी सारखं ठेवलं आणि राहणीतला फरक बघितला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

पहिल्या धारेची आणि जेलीफिशची

मुंबईतले गोरे सोलजर काय प्यायचे, तेही फ्रायरने नोंदवलंय. युरोपातली वाइन किंवा ब्रँडी जहाजातून यायची, ती महाग असायची. ती साहेबांच्या टेबलावर. साध्या सोलजरला आणि खलाशाला परवडायची ती इथली अरक.

माडाला लावलेल्या मडक्यात जमते ती माडी. गोव्यात तिला सूर म्हणतात. ती ऊर्ध्वपातन करून, म्हणजे भट्टी लावून काढली की अरक. मुंबईत माडावर चढायचं काम भंडाऱ्यांचं, गोव्यात रेंदेरांचं.

या अरकात सगळ्यात कडक जी निघायची तिला ‘फूल’ म्हणत. फूल म्हणजे आपलंच फूल, दारूतला सर्वात जोरकस भाग. इंग्रजांनी त्याचं ‘फूल रॅक’ केलं. इंग्रजीत फूल म्हणजे मूर्ख, त्यामुळे नाव आपसूकच शोभून दिसलं. फ्रायरच्या नोंदीप्रमाणे मुंबईत या नावाखाली जे विकलं जात होतं, त्यात जेलीफिश घातलेली असायची. अंगाला लागली तर खाजकुयलीसारखी आग करणारी ही समुद्री चीज. हे रसायन पिणारा सोलजर किती दिवस टिकणार? रोगांच्या कारणांमध्ये फ्रायरने या दारूला सगळ्यात वाईट गोष्टींमध्ये ठेवलंय.

राज्याभिषेकाचं वर्ष आणि जुन्नरची नाडी

फ्रायर मुंबईत होता त्याच सुमाराला, ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. मुंबईहून हेन्री ऑक्झेंडन कंपनीचा वकील म्हणून गेला होता, हे आपण शाळेपासून वाचतो. त्या वकिलातीची हकिगत फ्रायरच्या पुस्तकातही आली आहे.

फ्रायर स्वतः सह्याद्री चढून वर आला तो पुढच्या वर्षी. जुन्नर तेव्हा मोगलांकडे होतं. तिथल्या मोगल अधिकाऱ्याने मुंबईच्या इंग्रजांकडे डॉक्टर मागितला आणि ऑन्जियरने फ्रायरला पाठवलं. १६७५ चा उन्हाळा. कल्याण, मुरबाड करत घाट चढताना त्याचे हाल झाले. वाटेतली गावं युद्धाने पोळलेली होती.

जुन्नरला त्याला जनानखान्यातल्या एका आजारी स्त्रीला तपासायचं होतं. तिला बघायची परवानगी नव्हती. मधे पडदा, आणि पडद्यातून बाहेर आलेला फक्त एक हात. फ्रायरने नाडी बघितली आणि सांगून टाकलं, हिला काहीही झालेलं नाही, ठणठणीत आहे. डॉक्टर खरा की खोटा हे बघायला आधी एका धडधाकट दासीचा हात पुढे केला होता. परीक्षेत पास झाल्यावर मग खऱ्या रुग्णाचा हात आला.

याच मुक्कामात त्याने शिवनेरी बघितला, त्याचं वर्णन लिहिलं. अर्थात फ्रायर हा कंपनीचा माणूस. मराठ्यांकडे त्याने इंग्रज व्यापाऱ्याच्या चष्म्यातूनच बघितलं. तेव्हा त्याची मतं जशीच्या तशी घेता येत नाहीत. पण वाटा, घाट, बाजार, झाडं, आजार, खाणंपिणं यांच्या नोंदींना मोल आहे, कारण हा माणूस दिसेल ते बारकाईने लिहीत होता.

नेरूळची अरक आणि पाचाचा हिशोब

१६७५ च्या पावसाळ्यानंतर फ्रायर दक्षिणेला गेला. कारवार, गोकर्ण आणि गोवा.

गोव्यात बार्देशमध्ये मांडवीच्या मुखाजवळ नेरूळ नावाचं गाव आहे. आज कांदोळीला जाणारे पर्यटक त्याच्या बाजूनेच जातात. फ्रायरने नोंदवलंय की उत्तम अरक बनते ती या नेरूळमध्ये. आणि याच अरकेपासून या किनाऱ्यावरचे इंग्रज एक पेय करतात, त्याला ते पंच म्हणतात. हिंदुस्थानात पंच म्हणजे पाच, आणि त्यात पाच जिन्नस पडतात म्हणून हे नाव.

पुढे तो डॉक्टरकी दाखवतो. ग्रीक परंपरेच्या वैद्यकात पाच औषधांच्या मिश्रणाला एक नाव, चार औषधांच्या मिश्रणाला दुसरं नाव, तसंच हे, असं तो सांगतो. पण पेयाचं वर्णन करताना तो त्याला अंगातली ताकद काढून घेणारं म्हणतो.

आपल्याला हे नाव ऐकून काहीच आश्चर्य वाटत नाही. पंचामृत, पंचखाद्य, पंचांग, पंचायत. पाच गोष्टी एकत्र आल्या की आपण पंच लावतोच. दूध, दही, तूप, मध आणि साखर यांचं पंचामृत देवाला, तर दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला यांचा पंच साहेबाला.

मग पंचचा शोध फ्रायरने लावला का?

नाही. पंच त्याच्या आधीपासून होता.

१६३२ मध्ये भारतातल्या कंपनीच्या एका इंग्रजाच्या पत्रात पंच हा शब्द आलाय. १६३८ मध्ये मॅन्डेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला आला, त्याने इंग्रजांच्या वखारीत ‘पालेपुंट्झ’ नावाचं पेय बघितलं. दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. हे विचित्र नाव म्हणजे ‘बोल’ अधिक ‘पंच’, वाडगाभर पंच. फ्रेंच डॉक्टर बर्नियर औरंगजेबाच्या काळात बंगालबद्दल लिहितो, तो त्याला ‘बुलेपोंज’ म्हणतो. तोही डॉक्टर आणि त्याचंही म्हणणं फ्रायरसारखंच. जहाजांच्या कप्तानांनी आपल्या लोकांना हे पेय प्यायची बंदी केल्यावर मृत्यू कमी झाले, असं त्याने नोंदवलंय.

नावाबद्दलही सगळ्या अभ्यासकांचं एकमत नाही. काहींच्या मते हा शब्द जहाजावरच्या ‘पंचन’ नावाच्या पिंपावरून आला. त्यांचा मुद्दा असा की जुन्या कृतींमध्ये जिन्नस कधी चार, कधी पाच, कधी सहा भेटतात. मॅन्डेल्स्लोच्या यादीतही चारच आहेत. तरीही ‘पाच’ हीच व्युत्पत्ती सर्वात जास्त प्रसिद्ध आहे, आणि ती ज्यांच्या लेखनातून जगभर गेली त्यात फ्रायरचं नाव वरचं आहे.

पेयाचा शोध कोणी लावला हे सांगता येत नाही. पण तो कुठे रुजला हे कळतं. युरोपातून आलेली वाइन उष्णतेने बिघडायची, बिअर आंबायची. इथे अरक स्वस्त, लिंबू दारात, साखर बाजारात, जायफळ-दालचिनी जहाजात. गरज आणि जिन्नस एका जागी आले आणि पंच तयार झाला.

इराण, लंडन आणि सोळा वर्षं पडून राहिलेली पत्रं

गोव्यानंतर १६७७ मध्ये फ्रायर इराणला गेला. इस्फहान बघितलं. तिथून परत सुरतेला आला. १६८२ मध्ये तो मायदेशी पोहोचला. ज्या मुंबईत पाचशेपैकी शंभर जगत नव्हते, तिथे राबून, नऊ वर्षं पूर्वेत काढून हा माणूस जिवंत परतला होता.

परत गेल्यावर त्याने केंब्रिजमधून वैद्यकाची वरची पदवी घेतली. पण अनुभव मात्र लगेच छापले नाहीत. १६९७ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य म्हणून निवडलं. १६९८ मध्ये, म्हणजे परतल्यावर सोळा वर्षांनी, त्याचं पुस्तक लंडनमध्ये आलं. आठ लांबलचक पत्रांच्या रूपातला हा भारत आणि इराणचा वृत्तांत. दोनशे वर्षांनी, १९०९ ते १९१५ या काळात हॅक्लुइट सोसायटीने तो तीन खंडांत टिपांसह पुन्हा छापला. आज इतिहासकार वापरतात ती मुख्यतः ही आवृत्ती.

फ्रायर १७३३ मध्ये वारला. ज्याच्या सोबतचे लोक पंचविशी-तिशीत मुंबईच्या मातीत गेले, तो स्वतः ऐंशीच्या घरात पोहोचला.

मुंबई सरकारची कृती, साल १६९४

फ्रायर इंग्लंडला परतल्यावर मुंबईत पंच थांबला का? उलट तो सरकारी नियमात आला. १६९४ च्या मुंबई सरकारच्या हुकूमवहीत पंचबद्दल एक हुकूम आहे.

कोणीही खानावळीत पंच प्यायला आला, तर त्याने एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागून घ्यावा आणि आपला पंच आपणच करावा. वाडग्यावर बाजार अधिकाऱ्याचं शिक्कामोर्तब नसेल, तर गिऱ्हाइकाने तो वाडगा खुशाल फोडावा. ना वाडग्याचे पैसे द्यायचे, ना पंचाचे.

हा ग्राहक संरक्षणाचा नियम आहे. मालकाने मापात मारू नये, भेसळ करू नये, म्हणून जिन्नस वेगळे मागायचे आणि मिश्रण स्वतः करायचं. जेलीफिशच्या दारूबद्दल वाचल्यावर या नियमाची गरज लक्षात येते.

आता यातलं गणित बघा. क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटर. अर्धा पाइंट म्हणजे त्याचा चौथा भाग. म्हणजे चार वाटे दारूला एक वाटा लिंबूरस. अर्धा पौंड म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम साखर. हे आजच्या एका पेगला लावलं तर ६० मिली दारू, १५ मिली लिंबाचा रस आणि १२ ते १४ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीनेक चमचे. आजचा कुठलाही बारटेंडर या प्रमाणाकडे बघून मान डोलावेल. आंबट-गोड कॉकटेलचं प्रमाण आजही याच्याच आसपास फिरतं.

अरकेची जागा कॉन्यॅकने आणि लिंबाची ग्रेपफ्रूटने कशी घेतली?

खलाशांबरोबर पंच इंग्लंडला गेला. लंडनच्या जॉन एव्हलिनने १६६२ च्या आपल्या रोजनिशीत, भारताच्या सफरीवरच्या जहाजावर पंच मिळाल्याची नोंद केली आहे. तिकडे माडाची अरक दुर्मिळ, मग ब्रँडी आणि रम आली.

ब्रँडी हा शब्द डच, अर्थ ‘जाळलेली वाइन’. फ्रान्सच्या शारांत नदीच्या भागातली वाइन डच व्यापारी उकळून नेत. त्याच भागातल्या कॉन्यॅक गावाचं नाव त्या ब्रँडीला लागलं. आज कॉन्यॅक म्हणवून घ्यायचं तर ती त्याच भागातली हवी, तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन झालेली हवी आणि ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं मुरलेली हवी.

ग्रेपफ्रूट मात्र फ्रायरने बघितलेलंच नाही. ते फळ तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं. गणपतीत आपल्याकडे बाजारात येतं ते पपनस आणि गोड संत्रं यांचा संकर कॅरिबियन बेटांवर झाला आणि ग्रेपफ्रूट जन्माला आलं. बार्बाडोस बेटावर १७५० मध्ये त्याची पहिली लेखी नोंद मिळते. संकराचे आईबाप दोघंही आशियातले.

१८६२ मध्ये अमेरिकेत जेरी थॉमसने बारटेंडरसाठी पेयांच्या कृतींचं पुस्तक छापलं. कॉकटेलचं हे पहिलं मोठं पुस्तक मानलं जातं, आणि त्यात पंचच्या कृतींचा भलामोठा भाग आहे. वाडगाभर पंच हळूहळू एका ग्लासात आला आणि कॉकटेल त्याच वंशातून वाढलं.

आज घरी करायचं तर

फ्रायर जुन्नरपर्यंत आला, त्याच्या पुढे पठारावर फार आत शिरला नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला तो कधी पोहोचला नाही. पण पाच जिन्नसांतल्या गोडाचा विषय निघाला की अकलूजचं नाव येतंच. नीरेच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यात ऊस उभा राहिला आणि १९३० च्या दशकात जवळच्या माळीनगर आणि श्रीपूरला साखर कारखाने आले. फ्रायरच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या वखारीत जपून वापरली जाणारी साखर इथे आज दारातून ट्रकने जाते. लिंबू आठवडी बाजारात आहे. सणाच्या दिवसांत पपनस मिळतं, ग्रेपफ्रूट मोठ्या शहरातून आणावं लागतं.

कृती अशी. ६० मिली कॉन्यॅक किंवा चांगली ब्रँडी, ४५ मिली ताजा ग्रेपफ्रूटचा रस, ५ ते १० मिली लिंबाचा रस, दोन चमचे साखर थोड्या कोमट पाण्यात विरघळवून. ग्रेपफ्रूट लिंबाच्या मानाने फार कमी आंबट असतं, म्हणून थोडं लिंबू लागतंच. झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं आणि गाळून घ्यायचं. वितळलेला बर्फ हे चौथ्या जिन्नसाचं, पाण्याचं काम करतो. वरून किसलेलं जायफळ, तो पाचवा. ग्रेपफ्रूटऐवजी पपनस घेतलं तर वरची पांढरी साल आणि फोडीचा पापुद्रा पूर्ण काढायचा, नाहीतर कडू होतं. ब्रँडी वगळून तिथे थंड काळा चहा घातला, तरी पाचाचा हिशोब जुळतो आणि पेय छान लागतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वय किमान २५ हवं.

दुसरी गोष्ट फ्रायरसारख्या डॉक्टरलाच सांगायला आवडली असती. १९८९ मध्ये कॅनडातले संशोधक रक्तदाबाच्या एका गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. तेव्हा कळलं की गोळीचं रक्तातलं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढतंय, आणि कारण दारू नसून ग्रेपफ्रूट आहे. औषधं पचवणाऱ्या आतड्यातल्या एका एन्झाइमला हे फळ अडवतं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा कितीतरी गोळ्यांना हे लागू आहे आणि पपनसही त्याच घरातलं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय यातलं काहीच घ्यायचं नाही.

डॉक्टरचा निष्कर्ष

जगभर पंचची गोष्ट सांगताना फ्रायरचं नाव येतं ते ‘पाच’ या शब्दासाठी. मुंबईच्या दफनभूमीबद्दल त्याने जे लिहिलं, ते फारसं कोणी सांगत नाही. त्याच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. रोग कशाने होतो हे शोधणारा डॉक्टर रुग्ण काय खातो, काय पितो हे लिहून घेतो, तसा त्याने पंच लिहून घेतला. त्याच्या मते मुंबईच्या इंग्रजांचा आजार काही अंशी या वाडग्यातच होता.

त्याच्या देशबांधवांनी वाडगा सोबत नेला आणि निदान इथेच सोडून दिलं. मुंबई सरकारने १६९४ मध्ये अरकेचं, साखरेचं, लिंबाच्या रसाचं माप ठरवून दिलं. किती वाडगे प्यायचे याचं माप मात्र कुठल्याच हुकमात नव्हतं. ते फ्रायरने इथल्याच म्हाताऱ्या माणसांकडे बघून ओळखलं होतं.